फॅन्टसी ट्रेडिंग कार्डांसाठी चित्रे कशी रंगवते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या घरातील एका खोलीत बसून मी देशी आणि परदेशी कार्ड-खेळांसाठी, म्हणजे चित्रांची कार्डे जमवून आणि अदलाबदल करून खेळल्या जाणाऱ्या खेळांसाठी, चित्रे रंगवते. कलाशाखेचे विद्यार्थी, खेळाडू आणि काही पालकही पत्रांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कार्डावरचे चित्र प्रत्यक्षात केवढे असते, आणि तुम्ही मूळ चित्र केवढे काढता?

'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये आला. त्याची कार्डे ६३ × ८८ मिलिमीटरची असतात आणि 'पोकेमॉन'सह अनेक खेळांच्या कार्डांचे माप हेच आहे. नेहमीच्या चौकटीत वर नाव आणि खाली नियमांचा मजकूर असल्यामुळे चित्राच्या वाट्याला सुमारे पाच सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर उंच एवढीच जागा उरते. काडेपेटीचे लेबल डोळ्यांसमोर आणले, तर या जागेचा बरोबर अंदाज येतो.

मूळ चित्र मी बहुधा १६ × १२ इंचांचे रंगवते, म्हणजे रुंदीला छापील चित्राच्या जवळपास आठपट. एवढे मोठे रंगवण्याची दोन कारणे आहेत. लहान जागेत हात मोकळा चालत नाही, आणि प्रकाशक तेच चित्र पुढे खोक्यावर किंवा भित्तिपत्रकावरही वापरतात. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापताना अख्ख्या कार्डाला ७४४ × १०३९ पिक्सेल पुरतात. पण खोक्यावर किंवा भित्तिपत्रकावर वापरता यावे म्हणून डिजिटल चित्रही त्याच्या कितीतरी पट मोठे करावे लागते.

२. प्रकाशक काय काढायचे ते सांगतो, की सगळे तुम्हीच ठरवता?

आर्ट डायरेक्टरकडून, म्हणजे प्रकाशकाच्या वतीने चित्रे सांगणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या व्यक्तीकडून, एका परिच्छेदाचे लेखी वर्णन येते. त्यात पात्र कोण, ठिकाण कोणते, क्षण कोणता, मनःस्थिती कशी आणि खेळात या कार्डाचा रंग किंवा गट कोणता, एवढे दिलेले असते. त्या जगातील पोशाख, इमारती आणि प्राणी यांची मार्गदर्शक पुस्तिका सोबत असते. या वर्णनातील कोणती गोष्ट अनिवार्य आहे आणि कोणती सुचवलेली आहे, हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेते. 'जखमी सेनानी पुलावर एकटी उभी आहे, मागे शहर जळत आहे' असे वर्णन आले, तर कार्ड सेनानीचे आहे, पुलाचे आहे की आगीचे, हे ठरल्याशिवाय पेन्सिल उचलण्यात अर्थ नसतो. पाच सेंटिमीटरच्या जागेत तिन्ही गोष्टी सारख्या महत्त्वाने मांडता येत नाहीत.

३. सुरुवात नेमकी कशी करता? थेट मोठे रेखाटन का करत नाही?

माझ्या मते या कामात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. मी पाच बाय चार सेंटिमीटरच्या चौकटी आखते आणि त्यांत काळा, करडा आणि पांढरा अशा तीनच छटांत पंधरा ते वीस आराखडे करते. आराखडा छापील चित्राच्याच मापाचा असल्यामुळे त्या मापात न दिसणारी गोष्ट सुरुवातीलाच गळून पडते. त्या चौकटीत सेनानीचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा येत असेल, तर तिचे दुःख चेहऱ्यावर दाखवायचे नाही, खांद्यांच्या उतारावर आणि तलवार धरलेल्या हाताच्या सैलपणावर दाखवायचे, असा निर्णय तेव्हाच घ्यावा लागतो.

आराखडे तयार झाले, की मी ते भिंतीवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि नंतर ते उलटे लावून पुन्हा पाहते. कारण कार्ड टेबलावर ठेवले, की समोरचा खेळाडू ते उलटेच पाहत असतो, तेही हातभर अंतरावरून आणि बहुधा ट्यूबलाइटच्या उजेडात. त्याला एका नजरेत 'हे ते पुलावरच्या सेनानीचे कार्ड' असे ओळखता आले पाहिजे. म्हणून मुख्य आकृतीची बाह्यरेषा मी एकाच सलग छटेत भरून तपासते. आकृतीचे हात, शस्त्र आणि धड एकमेकांत मिसळून नुसता गोळा दिसू लागला, तर तो आराखडा बाद करते.

पहिल्या कामात मी ही पायरी घाईने उरकली होती. रात्रीचा डोंगरी किल्ला, मशाली आणि पाच शिलेदार असे ते चित्र होते. तीन आठवडे मी प्रत्येकाच्या चिलखतावरच्या कड्या रंगवल्या आणि छापून आल्यावर एक काळा चौकोन व त्यात तीन पिवळे ठिपके एवढेच दिसले. आराखड्यातच पाचांचे दोन शिलेदार केले असते आणि त्यांच्या मागे उजळ धूर ठेवला असता, तर ते चित्र वाचले असते.

४. ड्रॅगन किंवा राक्षस कोणी पाहिलेले नसतात. मग संदर्भ कशाचा घेता?

काल्पनिक प्राणी खऱ्या प्राण्यांच्या अवयवांतूनच उभा राहतो, आणि त्या दृष्टीने मुंबई फार उदार शहर आहे. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो; लांब झालेल्या बोटांच्या हाडांमध्ये पातळ त्वचा ताणलेली असते. ड्रॅगनच्या पंखाला ही बोटे दिली नाहीत, तर तो पंख पाठीला चिकटवलेल्या छत्रीसारखा दिसतो. उडताना भार कोठे पडतो, हे गच्चीवर उभे राहून घारी पाहिल्या तरी कळते. राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, मी मगरींची बैठक आणि मोठ्या मांजरांचे खांदे रेखाटते. (बाग बुधवारी बंद असते.) ससून डॉकवर किंवा घराजवळच्या मासळी बाजारात खेकड्याची नांगी हातात घेऊन दुमडून पाहिली, तर एका कठीण कवचाखाली दुसरे कवच कसे सरकते ते दिसते, आणि चिलखताचे सांधे कसे काढायचे हा प्रश्न बराचसा सुटतो.

शस्त्रे आणि चिलखते यांसाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील शस्त्रदालनाला पर्याय नाही. छायाचित्रात कट्यारीची मूठ नुसती नक्षीदार दिसते; समोर उभे राहिले, की त्या दोन आडव्या दांड्या मुठीत धरून ठोसा मारावा तशी ती चालवायची असते, हे हाताला कळते. गुहा रंगवायची असेल तेव्हा मी कान्हेरीला जाते. बाहेरच्या उन्हाचा उजेड जमिनीवर आपटून छताला खालून लागतो, ही गोष्ट घरी बसून सुचत नाही.

अवघड आकारासाठी मी शाडूची वीतभर प्रतिकृती करते. तारेचा सांगाडा वळून त्यावर सुतळी गुंडाळायची, म्हणजे शाडू धरून राहतो. शाडू वाळताना तडकतो खरा, परंतु मला ती मूर्ती टिकवायची नसते. एक दिवस टेबललॅम्पच्या उजेडात फिरवून सावल्या कोठे पडतात एवढेच पाहायचे असते. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत लहानपणी पाहिलेले हे काम पुढे असे उपयोगी पडेल, असे तेव्हा वाटले नव्हते. मानवी पात्रांसाठी घरची माणसे उभी राहतात, आणि झगे किंवा अंगरखे नाटकांसाठी कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांतून आणते. जाड कापडाची घडी आणि ओढणीची घडी वेगळी पडते, म्हणून चादर गुंडाळून भागवत नाही.

५. इंटरनेटवर मिळालेले छायाचित्र समोर ठेवून रंगवले तर चालते का?

माहितीसाठी पाहणे चालते. रचना, उजेड आणि मुद्रा जशीच्या तशी उचलणे चालत नाही, कारण छायाचित्रावर छायाचित्रकाराचा हक्क असतो आणि करारात आपण चित्र स्वतःचे असल्याची हमी दिलेली असते. स्वतः काढलेली छायाचित्रे वापरावीत, किंवा व्यावसायिक वापराची स्पष्ट परवानगी असलेली घ्यावीत आणि तशी नोंद जपून ठेवावी.

६. रेखाटन मंजूर झाल्यानंतर रंगकाम कोणत्या क्रमाने होते?

मंजूर रेखाटनाची मूळ मापात छापील प्रत काढून मी ती ॲक्रिलिक मॅट मीडियमने हार्डबोर्डवर चिकटवते आणि वरून त्याच मीडियमचे दोन पातळ थर देते, म्हणजे तैलरंगातले तेल कागदात झिरपत नाही. कार्डचित्रे करणारे पुष्कळ चित्रकार ही पद्धत वापरतात. रेखाटन दुसऱ्यांदा काढताना त्यातला जिवंतपणा हरवण्याची भीती या पद्धतीमुळे उरत नाही. त्यावर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाच्या पातळ थराने सगळा अंधार-उजेड बसवते. मग पार्श्वभूमी, मग मुख्य आकृती आणि सर्वांत शेवटी चमक व कडा.

खालचे थर पातळ आणि वरचे अधिक तेलाचे, हा नियम मी मोडत नाही. वरचा थर आधी वाळून आकसला, की पुढे त्याला भेगा पडतात. बारीक काम फक्त नजर जेथे थांबायला हवी त्याच भागात करते, साधारण चेहरा आणि हात एवढ्यावर. बाकीच्या जागी ब्रशचे फटकारे तसेच ठेवते, कारण आठपट लहान झाल्यावर ते आपोआप बारीक दिसतात. दर दोन तासांनी चित्राचे छायाचित्र काढून फोनवर कार्डाएवढे करून पाहते.

७. तैलरंगच का? डिजिटल चित्र कमी दर्जाचे मानले जाते का?

अजिबात नाही. आजची बहुतांश कार्डचित्रे डिजिटलच असतात आणि प्रश्न ३ व ४ मधील प्रत्येक गोष्ट तेथेही तशीच लागू होते. डिजिटलमध्ये दुरुस्ती सोपी असते, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि मुंबईतल्या लहान घरात जागाही अडत नाही. तैलरंगात हातात एक मूळ चित्र उरते, ते संग्राहक विकत घेतात (प्रश्न १४ पाहावा), आणि मला स्वतःला ओल्या रंगात कडा विरघळवण्याचा आनंद दुसरीकडे मिळत नाही. मुदत तीन आठवड्यांहून कमी असेल, तर मीही डिजिटलच करते.

८. मुंबईच्या पावसाळ्यात तैलचित्र वाळते तरी कसे?

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यामुळे दमट, कोंदट आणि उजेड कमी असलेल्या खोलीत ते रेंगाळते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी मुदतीत एक आठवडा वाढवून मागते आणि कारण स्पष्ट सांगते. आजवर कोणी नाकारलेले नाही. रंगात अल्किड मीडियम मिसळले, की पातळ थर एका दिवसात हाताला कोरडा लागतो. पंखा चित्राच्या दिशेने न लावता छताचाच चालू ठेवते, नाहीतर धूळ आणि तंतू थरात बसतात.

खरा त्रास रंगापेक्षा बोर्डाचा आणि कागदाचा असतो. हार्डबोर्ड उघड्या कडांतून ओल ओढतो आणि धनुष्यासारखा वाकतो. म्हणून पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा अशा सगळ्यांना गेसो (रंगाखाली देण्याचा पांढरा अस्तर-थर) लावून तो बंद करावा. केवळ पुढच्या बाजूला गेसो लावलेला बोर्ड हमखास वाकतो. रेखाटने भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. मी ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवते आणि जेलचा रंग बदलला, की पुड्या बदलते. एकदा बुरशीचे पिवळे ठिपके पडले, की ते कागदातून पूर्ण जात नाहीत.

९. लहान घरात, मुलांच्या आसपास तैलरंग वापरणे सुरक्षित आहे का?

दोन गोष्टी काटेकोरपणे पाळल्या तर आहे. पहिली, टर्पेंटाइनचा वास कोंडू देऊ नये. मी ब्रश तेलाने पुसते आणि मग साबणाने धुते, त्यामुळे टर्पेंटाइनची गरजच फारशी पडत नाही. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा, त्यातले तेल घट्ट होताना, आपोआप तापतो आणि कचऱ्याच्या डब्यात पेटूही शकतो. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. कॅडमियमयुक्त रंग मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि वाळलेला थर कोरडा घासू नये.

१०. पडद्यावर झळाळणारे रंग छापल्यावर मळकट का होतात?

पडदा स्वतः उजेड देतो; कागद फक्त त्याच्यावर पडलेला उजेड परत पाठवतो. शिवाय निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंतून जादूचा झगमगता जांभळा किंवा पोपटी प्रकाश तयार होऊ शकत नाही, आणि शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरल्यामुळे मधल्या छटा गडद होतात. यावर उपाय रंग अधिक भडक करणे हा नव्हे. शेजारचा भाग दबका ठेवला, की मर्यादित जांभळाही पेटल्यासारखा दिसतो. सावल्यांतील सर्वांत गडद दोन छटा मी मुद्दाम एक पायरी उजळ ठेवते आणि चित्र पाठवण्याआधी जवळच्या छापखान्यात ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, आर्ट कार्डावर प्रत्यक्ष मापात एक प्रत काढून पाहते. या एका प्रतीला वडापावाएवढेच पैसे पडतात.

छपाईसाठी चित्र काढण्याची विद्या या शहराला जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये गिरगावात शिळाछापखाना काढला, तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे मोजक्या शाईंतून उजळवली. या दोघांचे जुने अंक रद्दीत दिसले, तर सोडू नयेत; सपाट रंगासमोर एकच उष्ण छटा ठेवून चेहरा कसा पुढे आणायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

११. चमकणाऱ्या फॉइल कार्डासाठी वेगळे चित्र काढावे लागते का?

सहसा नाही. फॉइलवर शाई पारदर्शक असल्यामुळे जेथे खाली पांढऱ्या शाईचा थर दिलेला नसतो तेथे धातू चमकतो. हा थर कोठे द्यायचा हे छपाई विभाग ठरवतो. तरीही चित्रात उजळ आणि गडद भाग स्पष्ट वेगळे असतील, तर फॉइलवर ते अधिक चांगले दिसते, आणि ती काळजी प्रश्न ३ मधील आराखड्यातच घेतलेली असते.

१२. एआयने आराखडा करून घेतला आणि वरून रंगवले, तर हरकत आहे का?

हरकत आहे. 'मॅजिक'च्या प्रकाशकाने २०२३ मध्ये जाहीर केले, की अंतिम चित्रांसाठी चित्रकारांनी अशी साधने वापरू नयेत, आणि माझ्या करारांतही हे कलम आता नेहमीचे झाले आहे. माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. आराखड्यात घेतलेले निर्णय हेच चित्रकाराचे काम असते. ते दुसरीकडून आणले, तर आपल्याकडे फक्त गिलावा उरतो. संशय आल्यास टप्प्याटप्प्याची रेखाटने मागितली जातात, म्हणून ती सर्व तारखेसह ठेवावीत.

१३. हे काम मिळवण्यासाठी जे. जे. मध्येच शिकावे लागते का? पोर्टफोलिओत काय ठेवावे?

सर ज. जी. कला विद्यालय १८५७ पासून या शहरात आहे आणि तेथील व्यक्तिचित्रणाची परंपरा मोलाची आहे. परंतु आर्ट डायरेक्टर पदवी विचारत नाही. शाळेत एलिमेंटरी परीक्षेला केलेले स्मरणचित्र आठवा: पाहिलेले दृश्य मनातून उभे करणे, हाच या कामाचाही पाया आहे. पोर्टफोलिओत दहा ते बारा चित्रे पुरेत, आणि ती कार्डाच्या चौकटीत बसवून दाखवावीत. त्यांत निदान दोन आकृतींची झटापट, एक प्राणी, एक निसर्गदृश्य आणि जादूचा उजेड अंगावर पडलेली एक व्यक्ती असावी. सर्वांत कच्चे चित्र काढून टाकावे, कारण निवड त्याच्यावरूनच होते.

१४. चित्राचा हक्क कोणाकडे राहतो? मूळ चित्र विकता येते का?

याचे उत्तर करारात असते, आणि करार वाचल्याशिवाय सही करणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा निर्माता असतो; पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राच्या बाबतीत, विरुद्ध करार नसेल, तर काम सांगणारा पहिला मालक ठरतो. म्हणजे भारतीय प्रकाशकाशी नुसत्या तोंडी बोलण्यावर काम केले, तर चित्रकाराचीच बाजू लंगडी पडते. हक्क लेखी सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, असे कलम १९ सांगते. चित्राची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाधा आणली गेल्यास आक्षेप घेण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडे राहतो. परदेशी करारांत बहुधा त्या देशाचा कायदा लागू असतो, तेव्हा मोठ्या कामाआधी वकिलाला दाखवावे.

कॉपीराइट आणि रंगवलेला बोर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'मूळ चित्र चित्रकाराकडे राहील' हे वाक्य मी प्रत्येक करारात घालून घेते. कार्ड प्रसिद्ध झाल्यानंतरच ते विकते, आणि विकत घेणाऱ्याला छापण्याचा हक्क मिळत नाही हे पावतीवर लिहून देते. काही प्रकाशक चित्रकाराला पाठ कोरी असलेल्या कार्डांच्या प्रती देतात. त्यांच्या पाठीवर रेखाटन करून दिले, तर संग्राहक आनंदाने घेतात.

१५. आपल्या देवदेवता किंवा पुराणांतील पात्रे कार्डावर रंगवावीत का?

पूजेतील देवता मी खेळाच्या कार्डावर काढत नाही, कारण कार्ड खेळात 'नष्ट' होते, खिशात जाते, जमिनीवर पडते. हा माझा निर्णय आहे. इतरांचा वेगळा असू शकतो. नाग, यक्ष, वेताळ किंवा शिल्पांतील व्याल (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) मात्र मी आनंदाने रंगवते. तेथे अट एकच: दागिना, वस्त्र आणि आयुध एकाच प्रदेशाचे आणि काळाचे असावे. परदेशी आर्ट डायरेक्टरने पाठवलेल्या संदर्भात नऊवारीवर राजस्थानी बोरला (कपाळावरचा दागिना) आणि हातात दाक्षिणात्य शस्त्र असे मिश्रण आले, तर मी कारणासह बदल सुचवते, आणि तो बहुतेकदा मान्य होतो.

१६. चित्र पूर्ण दिल्यानंतर कार्डाचे नाव किंवा नियमच बदलले, तर काय होते?

असे घडते, कारण खेळाची चाचणी शेवटपर्यंत चालू असते. चित्र मंजूर झालेले असेल, तर मोबदला पूर्ण मिळतो आणि चित्र दुसऱ्या कार्डावर जाते किंवा राखून ठेवले जाते. उडणारा प्राणी नियमांत उडेनासा झाला आणि पंख काढून मागितले, तर ते नवे काम ठरते. मंजूर रेखाटनाबाहेरचा बदल वेगळा आकारला जाईल, असे कलम आधीच घालून ठेवावे. माझ्या करारात रेखाटनावर दोन आणि रंगवलेल्या चित्रावर एक दुरुस्ती धरलेली असते. तैलचित्रातली दुरुस्ती मी बोर्डावर न करता स्कॅनवर डिजिटल करून देते, त्यामुळे माझ्याकडच्या बोर्डावर पंख तसेच राहतात, आणि विकताना छापील कार्डाशी असलेला हा फरक मी घेणाऱ्याला सांगते.